सोनं ऐकण्याची विद्या

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मोलियागुल, डनॉली, टारनागुल्ला, वेडरबर्न अशी छोटी छोटी गावं आहेत. मेलबर्नहून गाडीने दोन-अडीच तास आत गेलं की हा मुलूख लागतो. निलगिरीची विरळ झाडं, पायाखाली लालसर खडबडीत माती, मध्येच पांढऱ्या गारगोट्यांचा सडा. सुटीच्या दिवशी इथल्या रानात कानाला हेडफोन लावून, हातातली फूटभर व्यासाची चकती जमिनीवरून संथपणे फिरवत चाललेली माणसं दिसतात. संध्याकाळी त्यांच्या कमरेचा डबा उपडा केला तर त्यातून काय काय पडतं? बुटांचे गंजलेले खिळे, शिशाचे छर्रे, चपटी झालेली बंदुकीची गोळी, पत्र्याचे तुकडे, तारेची वेटोळी, शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी. आणि दिवस चांगला गेला असेल तर अर्ध्या ग्रॅमचा एखादा पिवळा खडा.

हा खडा आणि तो छर्रा यांतला फरक डिटेक्टरला कळत नाही. सोन्याला ओळखणारी कोणतीही गोष्ट त्या यंत्रात नसते, जाहिरातीत काहीही छापलेलं असो. यंत्राला कळते ती फक्त वीज वाहून नेणारी वस्तू, आणि त्याच्या दुर्दैवाने त्या वस्तूच्या भोवतीची मातीही त्याला ‘दिसते’. नैसर्गिक सोन्याचे गोळे, म्हणजे नगेट, शोधण्याचं सगळं तंत्र या एका अडचणीभोवती उभं राहिलेलं आहे. आधी मातीचा आवाज वजा करायचा, मग भंगाराचा, आणि त्यातून जे उरेल ते खणून काढायचं.

यंत्राचं मूळ तत्त्व शाळेच्या विज्ञानात शिकवतात तेच आहे. कॉइलमधून बदलता विद्युत् प्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते जमिनीत शिरतं. वाटेत धातू असेल तर त्या धातूत भोवऱ्यांसारखे गोल फिरणारे प्रवाह सुरू होतात आणि हे प्रवाह स्वतःचं एक क्षीण चुंबकीय क्षेत्र उलट दिशेने पाठवतात. कॉइल ते पकडते, यंत्र त्याचा आवाज करतं. विमानतळावरची किंवा मोठ्या देवस्थानांच्या दारातली चौकट हेच करते. फरक इतकाच की चौकटीतून जाणाऱ्या भाविकाच्या खिशातली किल्ली आणि कॉइल यांच्या मध्ये फक्त हवा असते. रानात मध्ये माती असते.

आजूबाजूच्या गोंधळात हवी ती वस्तू हरवते, हा धडा या विद्येच्या पहिल्याच गाजलेल्या प्रयोगात मिळाला होता. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळीबार झाला. गोळी शरीरात नेमकी कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्यासाठी विद्युत्-चुंबकीय तत्त्वावरचं एक उपकरण जुळवलं आणि राष्ट्राध्यक्षांच्या पलंगाशी जाऊन ते त्यांच्या अंगावरून फिरवलं. आवाज आला, पण एका जागी न येता सगळीकडून अस्पष्ट येत राहिला. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांच्या आग्रहामुळे बेल यांना शोध घ्यावा लागला तो उजव्या बाजूला. गोळी निघाली डावीकडे. गारफिल्ड सप्टेंबरात वारले. गादीतल्या स्प्रिंगा आणि चुकीची जागा, या दोन कारणांनी आजही रोज हजारो डिटेक्टरवाले रिकाम्या हाताने घरी जातात. फक्त गादीच्या जागी लोहयुक्त माती असते.

यंत्र सोन्याकडे वळलं ते पुढे बऱ्याच वर्षांनी. जर्मनीहून अमेरिकेत आलेले गेरहार्ड फिशर विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ उपकरणांवर काम करत होते. काही जागी ही उपकरणं चुकीची दिशा दाखवतात आणि त्या जागी धातू किंवा खनिज असतं, असं त्यांच्या लक्षात आलं. एकाच्या दृष्टीने जो बिघाड तो दुसऱ्याच्या दृष्टीने शोध, हे हेरून त्यांनी १९३०च्या दशकात धातुशोधक यंत्राचं पेटंट घेतलं आणि कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंगांसाठी अशी यंत्रं हजारोंनी बनली. तरी सोनं शोधणाऱ्यांमध्ये त्यांचं पीक आलं ते १९७०च्या दशकाच्या शेवटी. सोन्याचा भाव अमेरिकेने ३५ डॉलर प्रति औंसाला बांधून ठेवलेला होता. तो सुटला आणि जानेवारी १९८०मध्ये ८५० डॉलरवर जाऊन टेकला. त्याच काळात मातीचा आवाज थोडाफार दाबणारी यंत्रं बाजारात आली होती. व्हिक्टोरियाच्या ओसाड पडलेल्या खाणपट्ट्यात पुन्हा गर्दी झाली.

सप्टेंबर १९८०मध्ये किंगोवर गावाजवळ केव्हिन हिलियर यांच्या डिटेक्टरने जमिनीत फूटभर खोल असलेली वस्तू दाखवली. माती बाजूला केल्यावर सोन्याची एक कड दिसली. गोळा जमिनीत उभा रुतलेला होता. तो सुमारे २७ किलोंचा भरला. ‘हँड ऑफ फेथ’ या नावाने तो प्रसिद्ध आहे आणि डिटेक्टरने सापडलेलं जगातलं सर्वांत मोठं नगेट म्हणून आजवर त्याचाच उल्लेख होतो. लास व्हेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोने तो दहा लाखांहून अधिक डॉलर मोजून विकत घेतला. एवढा गोळा दाखवायला फार नाजूक यंत्र लागत नाही. त्याच्यावरून चकती जायला मात्र हवी. आणि १८५१पासून त्या भागात खणणाऱ्या हजारो माणसांचे पाय कदाचित त्याच्या आसपास पडून गेले असतील.

रोजचा व्यवहार मात्र एखाद्या ग्रॅमचा असतो. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट. त्यामुळे एक ग्रॅम सोनं म्हणजे जेमतेम साडेचार मिलिमीटर व्यासाचा मणी. तो वीतभर खोल असला तर त्याच्याकडून परत येणारा सिग्नल किती क्षीण असेल याचा हिशोब भौतिकशास्त्र निर्दयपणे मांडतं. कॉइलपासून लांब गेलं की चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होत जातं. मण्यापर्यंत पोचताना ते घटतं आणि मण्याकडून परत येताना पुन्हा तितकंच घटतं. म्हणजे कॉइलच्या आकाराच्या मानाने बऱ्यापैकी खोल असलेल्या लहान तुकड्याचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घातात पडतो. अंतर दुप्पट झालं तर सिग्नल चौसष्टावा हिस्सा. याचा व्यवहारातला अर्थ असा, की खडा २० सेंटिमीटरवर असताना हात जड झाला म्हणून चकती तीनच सेंटिमीटर वर उचलली गेली, तर सिग्नल निम्म्याच्या आसपास आला. यंत्रावर हजारो डॉलर खर्च करून मिळवलेली ताकद मनगटाने फुंकून टाकली.

म्हणून या विद्येत चकती फिरवण्याचं तंत्र सगळ्यांत आधी येतं, आणि नवशिके नेमके तिथेच घाई करतात. चकती जमिनीला जवळजवळ टेकलेली आणि समांतर हवी. हात डावीकडून उजवीकडे जाताना झोक्यासारखा दोन्ही टोकांना वर उठतो, ही सर्वांत नेहमीची चूक. मधला पट्टा तपासला जातो आणि दोन्ही कडांना चकती हवेतच राहते. वेग इतका कमी, की एका बाजूकडून दुसरीकडे जायला तीन-चार सेकंद लागावेत. एका वायंडिंगच्या, म्हणजे ‘मोनो’ कॉइलचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं. वर फूटभर रुंदीचा पट्टा तपासला जात असला तरी वीतभर खाली तो बराच अरुंद झालेला असतो. त्यामुळे अंगण सारवताना हाताचा प्रत्येक फेर आधीच्या फेरावर अर्धा चढवतात, तसा चकतीचा प्रत्येक फेर आधीच्यावर अर्धा चढवावा लागतो. ‘डबल डी’ नावाच्या कॉइलचं क्षेत्र खाली पात्यासारखं उभं जातं, तिथे अशी काळजी थोडी कमी लागते. त्या बदल्यात तिची खोली थोडी कमी असते. मोठी कॉइल खोल जाते, पण बारीक खडे तिला ऐकू येत नाहीत आणि दिवसभर ती वाहून खांदा भरून येतो. लहान कॉइल झुडपांच्या बुंध्याशी, खडकांच्या बेचक्यात शिरते. सगळीकडे चालेल अशी कॉइल कोणी बनवलेली नाही.

मग मातीचा प्रश्न. व्हिक्टोरियाची लाल माती लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेली आहे. त्यातलं मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटतं हे ठाऊकच असतं, पण खरा उपद्रव मॅघेमाइटच्या अतिसूक्ष्म कणांचा. वणव्याच्या उष्णतेने साध्या गंजाच्या जातीच्या लोहखनिजाचं मॅघेमाइट होतं, आणि ऑस्ट्रेलियाच्या रानाला वणवे नवे नाहीत. हे कण चुंबकीय क्षेत्र थांबल्यावरही क्षणभर आपलं चुंबकत्व धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. यंत्राला ते धातूसारखं भासतं. काही दगड तर आजूबाजूच्या मातीपेक्षा इतके जास्त लोहयुक्त असतात की ते चक्क सोन्यासारखा सूर देतात. त्यांना ‘हॉट रॉक’ म्हणतात. नवख्या माणसाचा पहिला दिवस बहुतेक असे दगड गोळा करण्यात जातो.

आपल्याकडच्या वाचकाला ही माती परकी वाटायचं कारण नाही. कोकणातला जांभा याच कुळातला. दख्खनच्या काळ्या कातळातही मॅग्नेटाइट भरपूर आहे. रत्नागिरीच्या सड्यावर एखादा साधा, स्वस्त डिटेक्टर फिरवला तर तोही पावलापावलाला कुरकुरेल. कंबोडियासारख्या देशांत भूसुरुंग काढणाऱ्या पथकांना याच जातीच्या मातीने छळलेलं आहे; कमीत कमी धातू वापरून बनवलेला सुरुंग आणि अर्ध्या ग्रॅमचा सोन्याचा खडा यांची यंत्रापुढची अडचण एकच. म्हणून सोन्याचे डिटेक्टर बनवणाऱ्या ॲडलेडच्या माइनलॅब कंपनीची यंत्रं सुरुंग शोधण्याच्या कामातही दिसतात.

या मातीवर दोन वाटांनी उपाय झाले. पहिल्या जातीच्या यंत्रांत एका ठरावीक वारंवारतेची लहर सतत सोडली जाते. वारंवारता जितकी जास्त तितका बारीक खडा दिसतो. फिशर कंपनीचं ‘गोल्ड बग २’ हे सोन्यासाठीचं यंत्र ७१ किलोहर्ट्‌झवर चालतं, आणि भाताच्या शितापेक्षा बारीक कण दाखवण्यासाठी ते नावाजलेलं आहे. पण लोहाने भरलेल्या जमिनीत अशा यंत्रांचा श्वास कोंडतो. दुसऱ्या जातीची यंत्रं लहर सोडत नाहीत, ठोके देतात. सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा प्रवाह सुरू करून झटकन तोडायचा, काही मायक्रोसेकंद थांबायचं आणि मग कान द्यायचा. लहान खड्यातले भोवरे लगेच विझतात, मोठ्या गोळ्यातले रेंगाळतात. मातीचं चुंबकत्व उतरण्याचीही एक ठरलेली चाल असते. ती चाल ठाऊक असली की दोन वेगवेगळ्या क्षणी घेतलेली मोजमापं अशा प्रमाणात एकमेकांतून वजा करता येतात की मातीचा वाटा शून्य व्हावा आणि धातूचा उरावा. माइनलॅबचे ब्रूस कँडी यांनी वेगवेगळ्या लांबीचे ठोके वापरून ही वजाबाकी फार पुढे नेली. त्यांचं एसडी २००० हे यंत्र १९९५मध्ये आलं. त्यानंतर पूर्वी चाळून सोडलेल्या जागांवर माणसं पुन्हा जाऊ लागली आणि खरोखर सोनं घेऊन परतू लागली.

वजाबाकीची किंमतही मोजावी लागते. एखाद्या खड्यातला प्रवाह नेमका मातीच्याच प्रमाणात उतरत असेल तर मातीबरोबर तोही वजा होतो. त्या विशिष्ट आकाराचं सोनं त्या सेटिंगला ऐकूच येत नाही. म्हणून जुनी खोडं एकाच जागेवर दोन वेगळ्या सेटिंगने फिरतात.

प्रत्यक्ष जागेवर ही वजाबाकी बसवण्याला ‘ग्राउंड बॅलन्स’ म्हणतात. खाली धातू नाही अशी स्वच्छ जागा बघायची, चकती जमिनीपासून हातभर वर-खाली करत राहायची आणि आवाजात चढउतार होईनासा झाला की यंत्र त्या मातीला सरावलं असं समजायचं. नवी यंत्रं हे चालता चालता आपोआप करतात. तरी ओढ्याच्या काठावरून टेकाडावर चढलं की माती बदलते, आणि हाताने पुन्हा एकदा बॅलन्स केलेला बरा. खिशातला मोबाइल बंद असावा, बुटांच्या टाचेत पोलाद नसावं, कुदळ कॉइलपासून लांब ठेवावी. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील किंवा क्षितिजावर वादळ असेल तर यंत्र किरकिरतं, त्यात त्याची चूक नसते.

आता खरा मामला कानाचा. यंत्र चालू असताना हेडफोनमध्ये एक बारीक, सलग गुणगुण ठेवतात. तिला ‘थ्रेशहोल्ड’ म्हणतात. उथळ छर्रा ठणाणा करतो, तो कोणालाही ऐकू येतो आणि म्हणूनच तो आधी आलेल्या कोणीतरी काढून नेलेला असतो. आज उरलेलं सोनं बहुतेक त्या गुणगुणीतल्या हलक्याशा लचकीत असतं. सूर किंचित उंचावतो, किंवा क्षणभर खाली बसतो, एवढंच. एसडी आणि त्यानंतरच्या जीपीएक्स मालिकेच्या यंत्रांत लहान, उथळ खडे साधारणपणे आधी उंच आणि मग खालचा सूर देतात. मोठे किंवा खोल असले तर उलटं. मुरलेला माणूस त्या लचकीवर थांबतो. चकती त्याच जागेवरून पुन्हा नेतो, मग काटकोनात फिरून आडवी नेतो. मातीचा आवाज पसरट असतो, दिशा बदलली की बदलतो. धातूचा आवाज एकाच जागी, पुन्हा पुन्हा, तसाच येतो. तरी शंका राहिली तर बुटाच्या टोकाने वरची दोन-तीन सेंटिमीटर माती खरवडायची आणि पुन्हा ऐकायचं. आवाज गेला तर तो मातीचा होता. वाढला तर कुदळ काढायची.

खणण्यातही शिस्त आहे. आवाजाच्या अगदी मध्यावर घाव घालणारा माणूस एक दिवस नगेटवरच घाव घालतो, आणि सोनं मऊ असल्याने तो व्रण कायमचा राहतो. संग्राहक अशा गोळ्याला किंमत कमी देतात. म्हणून खड्डा बाजूने, ऐसपैस घ्यायचा. थोडं खणलं की चकती खड्ड्यावर धरायची, मग बाहेर काढलेल्या मातीवर. आवाज खड्ड्यातून ढिगात गेला की प्लॅस्टिकचा स्कूप पुढे येतो. धातूचा स्कूप इथे कामाचा नाही, यंत्र त्याच्यावरच ओरडेल. स्कूपभर माती चकतीवरून फिरवायची. आवाज आला तर त्यातली अर्धी माती मुठीत घ्यायची आणि उरलेली पुन्हा फिरवायची. ज्या अर्ध्यात आवाज, तो ठेवायचा, दुसरा टाकायचा. स्कूपातून मूठ, मुठीतून चिमूट. शेवटी तळहातावर लाल मातीची तीन-चार ढेकळं उरतात, त्यांतलं एक त्याच्या आकारापेक्षा जड लागतं. बोटांत चोळलं की माती सुटते आणि खाली काय ते दिसतं. लोखंड असेल तर ते बहुधा इथवर येतच नाही, कुदळीच्या दांड्याला लावलेल्या चुंबकाने आधीच उचललेलं असतं.

शिसं मात्र शेवटपर्यंत फसवतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. धातूतले भोवरे किती वेळ टिकतील हे केवळ धातूच्या जातीवर ठरत नाही; वाहकता आणि आकारमान दोन्ही मिळून ठरवतात. शिशाची वाहकता सोन्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढी. पण तुकडा मोठा झाला की भोवरे जास्त टिकतात. त्यामुळे लहान सोन्याचा खडा आणि त्याहून थोडी मोठी शिशाची गोळी यंत्राला हुबेहूब सारख्या दिसू शकतात. डब्याची कडी आणि चॉकलेटचा चुरगळलेला कागदही याच टप्प्यात येतात. लोखंड वगळणारी सोय यंत्रांत असते खरी. पण लोहयुक्त जमिनीत आणि खोलवर ती भरवशाची नसते, आणि लोहदगडाला चिकटलेलं सोनं तिने लोखंड म्हणून सोडून दिल्यावर त्याची दाद कोणाकडे मागणार? ‘सगळं खणा’ हा या छंदातला सर्वांत कंटाळवाणा सल्ला आहे, आणि सर्वांत खराही.

उलट बाजूने, भरपूर सोनं असूनही यंत्र मूग गिळून बसतं असंही होतं. भोवरे फिरायला धातू अखंड हवा. गारगोटीत केसांसारख्या तारांनी किंवा विखुरलेल्या कणांनी पसरलेलं सोनं वजनाने भरपूर असलं तरी त्याचा आवाज किरकोळ येतो. महाराष्ट्रात सराफकट्ट्यावरची माती-राख धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी होते. त्यांचा भरवसा घनतेवर. पाण्यात हलवलं की हलकं वाहून जातं, जड तळाशी बसतं. सोनं अखंड आहे की पूड, याची त्यांना फिकीर नव्हती. डिटेक्टरवाल्याला वाहकतेच्या भरवशावर राहावं लागतं, आणि वाहकता पुडीला विचारत नाही.

आता राहिला मुख्य प्रश्न, चकती फिरवायची कुठे. व्हिक्टोरियातलं सोनं मूळचं खडकांतल्या गारगोटीच्या शिरांमधलं. बेंडिगोच्या परिसरात त्या सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वी तयार झाल्या. वरचा खडक झिजत गेला तसं सोनं सुटं होऊन उताराने खाली सरकलं. जड असल्याने ते मातीतून खाली खाली उतरत गेलं आणि तळाचा खडक किंवा घट्ट चिकणमाती लागली की तिच्यावर थांबलं. १८५१नंतर आलेल्या खाणकऱ्यांनी ओढ्यांच्या तळाशी हेच थर खणले. जिथे त्यांचे खड्डे दाट, तिथे सोनं होतं याची ती पावतीच. पण त्यांच्याजवळ शोधायला डोळे आणि पाणी एवढंच होतं, आणि या कोरड्या मुलखात पाणी कायमच अपुरं. चिकणमातीची ढेकळं नीट न विरघळता टाकून दिली गेली आणि त्यांच्या पोटातला खडाही त्यांच्याबरोबर गेला. म्हणून जुन्या खड्ड्यांच्या तोंडाशी पडलेले मातीचे ढीग, दोन खड्ड्यांमधली न खणलेली जागा, आणि जिथे सोनं उथळ होतं म्हणून वरवर खरवडून सोडलेले उतार ही आजची तपासायची ठिकाणं. वर गारगोटी आणि लोहदगड शेजारी शेजारी दिसत असतील तर आणखी बरं. जुने सरकारी खाण-नकाशे वाचण्यात घालवलेली संध्याकाळ नव्या कॉइलपेक्षा जास्त कामाची ठरते. एक खडा सापडला की तिथून हलायचं नाही; यंत्राच्या मागे साखळी ओढत, तिची रेघ मातीत उमटवत, सगळी जागा पट्ट्यापट्ट्याने पिंजून काढायची. सोनं एकटं क्वचितच असतं.

जुन्यांच्या नजरेतून काय काय सुटतं याचं उदाहरण मोलियागुललाच आहे. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना एका झाडाच्या मुळांशी, जमिनीखाली केवळ इंचभर, सुमारे ७२ किलोंचा गोळा लागला. ‘वेलकम स्ट्रेंजर’ हे जगातलं आजवरचं सर्वांत मोठं नोंदलेलं नगेट. डनॉलीच्या बँकेच्या तराजूत ते मावेना, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे केले गेले. अखंड गोळ्याचा फोटोही कोणी काढलेला नाही. त्या परिसरात तोवर कित्येक वर्षं खणणं चालू होतं.

अगदी अलीकडेही मोठे गोळे निघाले. जानेवारी २०१३मध्ये बॅलरॅटजवळ एका हौशी माणसाने सुमारे ६० सेंटिमीटर खोलीवरून साडेपाच किलोंचा गोळा काढला. त्याच्याकडे जीपीएक्स ५००० हे ठोक्यांचं महागडं यंत्र होतं. मार्च २०२३मध्ये बातमी झाली ती दुसऱ्या एकाची. त्याने जिलाँगच्या एका व्यापाऱ्यापुढे ठेवलेल्या ४.६ किलोंच्या दगडात २.६ किलो सोनं निघालं, किंमत सुमारे २ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. त्याचं यंत्र मात्र हजार-बाराशे डॉलरचं, सर्वसाधारण उपयोगाचं होतं. यंत्रापेक्षा जागा मोठी, असा निष्कर्ष यावरून काढायला हरकत नाही. मात्र पेपरात छापून येतात ती सापडलेल्यांची नावं, छर्रे घेऊन घरी गेलेल्यांची यादी कोणी छापत नाही. पेट्रोलचाही खर्च निघाला नाही असे दिवस या छंदात नेहमीचे.

कायद्याची बाजू तिथे सुटसुटीत आहे, आणि तिच्यामागे रक्त सांडलेलं आहे. १८५०च्या दशकात सोनं सापडो न सापडो, प्रत्येक खाणकऱ्याला महिन्याला ३० शिलिंगांचा परवाना घ्यावा लागे. त्या जुलमाविरुद्ध बॅलरॅटच्या खाणकऱ्यांनी युरेका इथे उठाव केला. ३ डिसेंबर १८५४ रोजी सैनिकांनी तो मोडला. पण पुढच्याच वर्षी जुना परवाना रद्द होऊन वर्षाला एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ आला आणि त्याबरोबर मताचा हक्कही. आज व्हिक्टोरियात डिटेक्टर घेऊन रानात जायला लागणारा कागद याच नावाचा आहे. थोडक्या पैशांत तो दहा वर्षांसाठी मिळतो आणि सापडलेलं सोनं सापडणाऱ्याचं होतं. राष्ट्रीय उद्यानांत सहसा मनाई, खासगी जमिनीत मालकाची परवानगी हवी, खणायला यंत्रं नाहीत, आदिवासींच्या वारशाच्या जागांना हात लावायचा नाही.

भारतात हा छंद या स्वरूपात करता येत नाही. जमिनीखालच्या खनिजाचा शोध १९५७च्या खाण आणि खनिज कायद्याखाली परवान्याशिवाय घेता येत नाही, आणि पुरलेलं धन सापडलं तर १८७८च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे ते दहा रुपयांहून अधिक किमतीचं असलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. किल्ल्यांवर आणि जुन्या वाड्यांत डिटेक्टर फिरवून खणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. त्यांच्या खड्ड्यांनी पुरातत्त्वाचं जे नुकसान होतं ते कुठल्याही वजाबाकीने भरून येणारं नाही.

मेलबर्नला मुला-नातवंडांकडे जाणारी मराठी मंडळी बॅलरॅटच्या सॉव्हरिन हिलला जातात आणि तिथल्या ओढ्यात थाळी फिरवून सोन्याचे चार कण बाटलीत घालून आणतात. त्याच्या पुढे जायची हौस असेल तर महागडं यंत्र विकत घेण्याआधी एखादं भाड्याने घ्यावं. मागच्या अंगणात शिशाचा छर्रा आधी बोटभर आणि मग वीतभर खोल पुरून त्याचा आवाज कानात बसवावा. रानात जुन्या उघड्या खाणी झुडपांनी झाकलेल्या असतात, त्यामुळे हेडफोन कानावर असले तरी नजर पायापुढे हवी. उन्हाळ्यात सापांसाठीही तेच. आणि खणलेला प्रत्येक खड्डा निघण्यापूर्वी बुजवावा. परवान्याची ती अट आहे.